जुन्या गेमिंग लॅपटॉपची चिप झिजत नाही, उष्णतेची वाट तुंबते

गेले काही महिने एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. तो थोडक्यात असा: ‘गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड तीन वर्षांत झिजतं आणि निम्मा वेग जातो, त्यामुळे सेकंडहँड घेऊच नका. घेतलाच असेल तर फॉरमॅट मारा, गेम बूस्टर आणि रॅम क्लीनर टाका, कूलिंग पॅड घ्या. रॅम ८ जीबी पुरते, जास्त टाकणं म्हणजे पैसे वाया. लॅपटॉप उघडू नका, व्होल्टेजला हात लावू नका, चिप जळेल. चार्जर कुठलाही चालतो, पिन बसली की झालं.’

गेल्या मे महिन्यात अकोल्याहून माझ्या भाच्याने हाच मजकूर मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, विकून टाकू का?’ त्याच्याकडे आय-फाइव्ह १०३००एच प्रोसेसर आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड असलेला वापरलेला लॅपटॉप आहे. डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा बहिणीने भिशीचे पैसे घालून घेऊन दिलेला. त्याचं ड्रॉइंगचं ऑटोकॅड त्यावरच आणि व्हॅलोरंट हा गेमही त्यावरच. असा लॅपटॉप एका फॉरवर्डच्या भीतीने कवडीमोलाने जावा, हे मला सहन झालं नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘ग्राफिक्स कार्ड झिजतं आणि निम्मा वेग जातो.’ चिपमध्ये हलणारा एकही भाग नसतो. ती कोणत्या वेगाने चालायची हे तिच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कंपनीने आत भरून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये, ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी जितके वॅट आणि जितका गारवा मिळत होता तितका पाचव्या वर्षी मिळाला, तर वेग तोच राहतो. फार वर्षांच्या वापराने चिप कमकुवत होऊ शकते, पण तसं झालं की मशीन अडकतं, स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात, गेम मधेच बंद पडतो. ती गुमान निम्म्या वेगाने चालत बसत नाही.

मग लॅपटॉप हळू का होतो? कारण तापलेली चिप स्वतःला वाचवते. इंटेलच्या या पिढीच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस. काटा तिथे टेकला की तो आपला वेग खाली आणतो. एनव्हिडियाची लॅपटॉपमधली कार्डं त्याही आधी, साधारण ८७ अंशांच्या आसपास, हात आखडता घेतात. ओळखायची खूण सोपी आहे. गेम पहिली पाच-दहा मिनिटं छान चालतो आणि मग अडखळायला लागतो. कार्ड झिजलेलं असतं तर पहिल्या मिनिटापासूनच रडलं असतं.

मी अकोल्याला गेलो तेव्हा बाहेर ४३ अंश होते. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वेग दाखवणारा प्रोग्रॅम लावून गेम सुरू केला. सातव्या मिनिटाला प्रोसेसर ९९ वर गेला, वेग ४ गिगाहर्ट्झवरून २ च्या खाली घसरला आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या, म्हणजे तापल्यामुळे वेग कमी केल्याच्या, ओळीपुढे ‘येस’ उमटलं. भाचा ते आकडे बघतच राहिला. इतके महिने तो विंडोजला दोष देत होता.

इथेच ‘उघडू नका’ हा मुद्दा येतो आणि त्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान हाच सल्ला करतो. आम्ही लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, खालचं झाकण उघडलं आणि सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवली. पंखे वरून बरे दिसत होते. पण पंख्याचं कव्हर काढल्यावर, पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्या यांच्या मधे, धुळीचा एक सलग पट्टा निघाला. घोंगडीचा तुकडा कापून बसवावा तसा. चिमट्याने धरून ओढला तर अख्खा एका दमात बाहेर आला. ही जागा बाहेरून दिसत नाही आणि बाहेरच्या जाळीतून ब्लोअर मारला तर धूळ उलटी पंख्यात जाते. पंखा फुंकत असतो, पण हवेला बाहेर पडायला वाटच नसते. (ब्लोअर मारायचाच असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते सुसाट फिरून बेअरिंगची वाट लागते.)

चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या हीटसिंकखाली, दोघांमधली फट भरणारी थर्मल पेस्ट होती ती वाळून पापुद्रे धरलेली, आणि चिपच्या मधोमध तर जवळपास उरलीच नव्हती. चिप रोज तापते आणि निवते, त्या आकुंचन-प्रसरणात पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने जुनी पेस्ट पुसली आणि नवी लावली. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळले म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. सगळं मिळून दीड तास लागला. त्याच खोलीत, त्याच दुपारी, तोच गेम लावला तर प्रोसेसर ८६ वर थांबला आणि अर्धा तास खेळूनही वेग ३.९ च्या खाली आला नाही.

एक इशारा मात्र मनावर घ्या. काही महागड्या मॉडेलमध्ये कंपनीच पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावून देते. ते पाऱ्यासारखं चकाकतं, त्यातून वीज वाहते आणि बोर्डावर एक थेंब सांडला तरी शॉर्ट होऊ शकतं. त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं. आपल्या मॉडेलमध्ये काय आहे ते आधी शोधा आणि लिक्विड मेटल असेल तर ते काम त्यातल्या माहीतगारालाच द्या. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललेला वाटला, तर तेव्हाही तिथेच थांबा.

‘फॉरमॅट मारा, बूस्टर टाका, रॅम क्लीनर ठेवा.’ फॉरमॅट एकदा जरूर करा, पण वेगासाठी नाही. आधीच्या मालकाने काय काय टाकून ठेवलंय ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून करा. बूस्टर मागे चालणारे दोन-चार प्रोग्रॅम बंद करतो, ते काम टास्क मॅनेजरमधून फुकटात होतं. रॅम क्लीनर तर उघड तोट्याचा आहे. तो रॅममधली पानं, म्हणजे डेटाचे तुकडे, बाहेर हाकलतो आणि ‘२ जीबी मोकळी केली’ असं दाखवतो. पुढच्याच क्षणी गेमला तीच पानं हवी असतात, ती परत आणताना गेम झटका खातो. हाकलण्याचं कौतुक वाचायचं आणि झटके सोसायचे, असा तो सौदा आहे.

रॅमचा मुद्दा जीबीपुरता नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. दोनपैकी एकच भरलेला असेल तर प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधला एकच रस्ता चालू आहे. तेवढ्याच जीबीची आणि त्याच वेगाची रॅमची दुसरी काडी (पट्टी) बसवली की दोन्ही रस्ते सुरू होतात. व्हॅलोरंटसारख्या, प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो, आणि मुख्य म्हणजे अधूनमधून बसणारे हिसके कमी होतात. भाच्याकडे ८ ची एक काडी होती, आता दोन आहेत. या सगळ्या उपद्व्यापात खरा खर्च झाला तो एवढाच.

‘चार्जर कुठलाही चालतो.’ हे वाक्य वाचून माझा संताप झाला, कारण भाच्याला त्याच्या विक्रेत्याने नेमका असाच फसवला होता. चार्जरच्या पोटावर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. त्याच्याजवळच्या चार्जरवर १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअर, म्हणजे ९० वॅट. लॅपटॉपला मूळ हवा होता ७.१ अँपिअरचा, म्हणजे १३५ वॅटचा. नुसता प्रोसेसर ४५ आणि कार्ड ५० वॅट धरलं तरी ९५ झाले, स्क्रीन, पंखे, एसएसडी वेगळेच. म्हणून त्याची बॅटरी चार्जर लावलेला असतानाही खेळताना उतरत होती. तुमच्याकडे असं होत असेल तर आधी चार्जर बघा. आणि चार्जर काढून खेळू नका. बॅटरीवर असताना कार्डाला मुद्दाम कमी वीज दिली जाते.

‘व्होल्टेजला हात लावला तर चिप जळेल.’ वाढवलं तर ते धोक्याचं आहेच. पण अंडरव्होल्टिंगमध्ये ते कमी करतात. फार कमी केलं तर मशीन अडकतं, रीस्टार्ट होतं, आपण एक पायरी मागे येतो. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते-घटते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवलं, तर त्यातली चालू कामाची वीज साधारण १९ टक्के घटते. तेवढी उष्णता जन्मालाच येत नाही. ग्राफिक्स कार्डासाठी एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधला व्होल्टेजचा कर्व्ह बहुतेक ठिकाणी चालतो. इंटेलच्या प्रोसेसरचं व्होल्टेज मात्र अनेक लॅपटॉपवर कुलूपबंद सापडेल. डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली आणि त्यानंतर कंपन्यांनी बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) अपडेटमधून ती सोय बंद केली. तिथे विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा, म्हणजे टर्बो, मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, बंद होतो. भाच्याचा प्रोसेसर मग २.५ गिगाहर्ट्झवर राहतो. कार्डावर भार असलेल्या गेमला ते पुरतं, व्हॅलोरंटला नाही. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर गेमला ६० फ्रेमची मर्यादा घालणं हा त्याहून साधा उपाय.

कूलिंग पॅडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मागची बाजू बाटलीच्या दोन बुचांवर टेकवली तरी खालून हवा मिळते. गादीवर ठेवून खेळू नका, एवढं पाळा.

आता त्या मजकुरात नसलेली, पण जुनं घेताना खरोखर आडवी येणारी गोष्ट. वय चिपला नाही, सॉफ्टवेअरला लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलचे सातव्या पिढीचे गेमिंग प्रोसेसर, म्हणजे ७७००एचक्यू वगैरे, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. जीटीएक्स १०५० आणि १०६० ला एनव्हिडियाकडून नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर येणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबलंय, फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. भाच्याचं १६५० या थांबलेल्या कार्डांत नाही. तसंच, नुसत्या नावावर जाऊ नका. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ३०६० हे कार्ड ६० वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीचंही असू शकतं. दोन्हीवर स्टिकर एकच, खेळात मात्र बराच फरक.

म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत, दुकानातच पंधरा मिनिटं गेम चालवून बघायला मागा, सोबत पेनड्राइव्हवर एचडब्ल्यूइन्फो न्या आणि पंधराव्या मिनिटाचे आकडे वाचा. आकडे तापलेले असतील तर भाव पाडून घ्या, कारण साफसफाई तुम्ही करू शकता. चार्जरवरचा गुणाकार तिथल्या तिथे करा. ‘ओरिजिनल चार्जर नंतर पाठवतो’ असं म्हणाले, तर पैसेही नंतरच द्या.