१८३ जणांनी ऑस्ट्रेलिया जाळला नाही

२०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर अजून फिरतो: १८३ जाळपोळ करणारे पकडले गेले, हवामानबदल ही थाप आहे, पर्यावरणवाद्यांनी पालापाचोळा जाळू दिला नाही म्हणून आग पसरली, आदिवासींनी मात्र जंगल जाळूनच सांभाळलं. त्या आगींत ३३ माणसं गेली, ३,००० हून जास्त घरं गेली. त्यांच्याबद्दल इतकं बेफिकीर बोललेलं मला सहन होत नाही.

आधी १८३. आकडा तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या पोलिसांचाच, जानेवारी २०२० चा. पण ज्यांच्यावर काहीही कारवाई झाली त्या सगळ्यांची ती बेरीज. ५३ जणांनी आगबंदी मोडली होती, ४७ जणांनी पेटती सिगारेट किंवा काडी टाकली होती. मुद्दाम वणवा लावल्याचा आरोप २४ जणांवर. तो गुन्हा गंभीरच. पण सिडनीच्या वायव्येला पाच लाख हेक्टरांहून जास्त रान गिळणारी गॉस्पर्स माउंटनची आग २६ ऑक्टोबर २०१९ ला वीज पडून लागली. आणि ठिणगी कुणाचीही असो, रान किती वाळलंय त्यावर ती विझते किंवा भडकते. २०१९ हे तोवरच्या नोंदींतलं तिथलं सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडं वर्ष. एरवी आग अडवणाऱ्या ओलसर घळीही पेटल्या, गोंडवाना नावाच्या प्राचीन, दमट वर्षावनांतही आग शिरली.

पर्यावरणवाद्यांचं म्हणाल, तर त्यांचा ग्रीन्स पक्ष त्या राज्यात सत्तेत नव्हता, आणि त्याच्या धोरणात नियोजित जाळणीला, म्हणजे वणव्याआधीच पालापाचोळा मुद्दाम जाळून टाकण्याला, पाठिंबाच होता.

जाळणीने फायदा होतो, यात वाद नाही. पण पाचोळा काही वर्षांत पुन्हा साचतो. जाळायला योग्य दिवसही मोजकेच: रान ओलं असलं तर पेटत नाही, कोरडं असून वारा सुटला तर आवरत नाही. भीषण दिवशी तर निलगिरीच्या लोंबत्या सालींचे जळते तुकडे वाऱ्यावर उडून जाळलेला पट्टा ओलांडतात, पुढे किलोमीटरभर नवी आग लावतात. राज्याच्या ग्रामीण अग्निशमन सेवेचे तेव्हाचे प्रमुख शेन फिट्झसिमन्स हेच सांगत होते: जाळणी महत्त्वाची, पण रामबाण नव्हे.

आदिवासींबद्दलचं वाक्य मात्र खरं आहे, आणि म्हणूनच ते अर्धवट वापरलेलं जास्त लागतं. उत्तरेत आर्नहेम लँडमध्ये पाऊस सरताच, गवतात ओल असतानाच, बुटक्या ज्वाळांनी तुकडा-तुकडा जाळतात. पुढे मोठी आग आली तर आधीच जळलेल्या मोकळ्या जागा तिला आडव्या येतात. पण तो गवताळ मुलूख. आग्नेयेच्या दाट निलगिरीवनात तेच वेळापत्रक चालणार नाही. तिथे उतार न् उतार ओळखणारी माणसं वर्षभर रानात हवीत, पगारावर, जाळायच्या अधिकारासह.