पीसीडी जुळला, पुढे?

"जिप्सीची चाकं जुन्या महिंद्रा जीपला डोळे झाकून बसतात. पाच नट, पीसीडी एकच. नटांची चिंता नाही, दोनच बदलली तरी भागतं, घासलं तर स्पेसर टाका." हा मजकूर महिनाभरात मला चौघांनी धाडला. नागपुरात तो का फिरतोय हे कळतं. पेंच-ताडोब्याच्या सफारीत जिप्सी खूप, त्यामुळे त्यांचे जुने रिमही हाताशी येतात. जीपचा सोळा इंची रिम मात्र शोधायला गेलं की गंजकाच मिळतो.

पीसीडीचं म्हणणं खरं आहे, म्हणून तर घोळ होतो. स्टड म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट; पीसीडी म्हणजे त्यांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. तो दोन्ही गाड्यांत साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिमी. पण त्यावरून एवढंच ठरतं की भोकं स्टडसमोर येतील. रिमचं मधलं भोक हबवरून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावरून, जातं का, हे वेगळं मोजावं लागतं.

आता नट. जुनी महिंद्रा जीप मुळात अमेरिकेच्या विलीजच्या घडणीची. तिचा स्टड अर्धा इंची, इंचाला वीस आटे. जिप्सीचा १२ मिमी, आट्यांतलं अंतर १.२५ मिमी. आकडेमोड करून बघा: अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी आणि इंचाला वीस आटे म्हणजे १.२७. आट्यांतलं अंतर जवळपास सारखंच, फक्त जाडीत ०.७ मिमीचा फरक. त्यामुळे जिप्सीचा नट जीपच्या स्टडवर चढतच नाही. बरं झालं, निदान चूक लगेच कळते. उलटं केलं की मात्र फसगत.

शेजारच्या जिप्सीवाल्याचा एक नट रामटेक रोडवर हरवला. मी माझ्या डब्यातला जीपचा दिला. हातानेच मस्त फिरला, मला वाटलं जमलं. पाना लावला तर घट्ट होतोय असं वाटेपर्यंत एकदम सैल. काढून पाहिला तर आतले आटे चमकत होते, टोकं घासून सपाट. स्टडला नटाची नुसती टोकं टेकली होती. तो माणूस शांतपणे म्हणाला, "भाऊ, चार नटांवर हळूहळू नेतो मी." आणि तसाच घरी गेला.

अजून एक गोष्ट त्या मजकुरात कुठेच नाही. विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे मुळात उलटे असतात, सोडवताना नट घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. माझ्या जीपचा डावा नट एका टायरवाल्याने पानाला पाइप लावून नेहमीच्या दिशेने "सोडवला". "जाम झालं आहे, जोर लावा लागते," म्हणाला, आणि स्टडच तुटून हातात आला. म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूचे नट वेगळे ठेवायचे, जीपचेच वापरायचे, आणि उलटे दहा हरवू द्यायचे नाहीत. एखाद्या जीपचे स्टड आधीच कुणी बदललेले असतात, तेव्हा पाना लावण्याआधी बघून घ्या.

दोनच चाकं बदलण्याचा सल्ला सगळ्यांत महागडा. जीपचा ६.००-१६ टायर उंचीला २८ इंचांहून थोडा जास्त. जिप्सी किंगचा २०५/७० आर१५ सव्वीस इंचांच्या जरासा वर. फक्त मागचे लहान झाले तर मागची चाकं दर किलोमीटरला जास्त फेऱ्या घेतात. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल जुन्या जीपला नाही. फोर व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात. मातीवर चाक घसरून हिशेब मिटवतं. डांबरावर घसरायला वाव नाही, सगळा पीळ गिअरमध्ये साचतो आणि मग दांडा निघता निघत नाही.

चारही बदलली तर हा प्रश्न सुटतो, पण गाडी इंचभर खाली येते आणि काटा ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ५५-५६ असतो. पेंचकडच्या दगडी वाटेवर तो इंच मला हवा असतो.

स्पेसरबद्दल थोडक्यात सांगतो. ती हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती. तो घातला की चाक बाहेर जातं, बेअरिंगवर आणि किंगपिनवर (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीवर) भार वाढतो, आणि नटाला धरायला स्टडची लांबी कमी उरते. बहुतेक वेळा घासतं ते स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, स्प्रिंगपाशी. आधी दोन्हीकडे वळवून बघा.

मग करायचंच असेल तर? स्टेपनी धरून पाचही एका मापाची, नट जीपचे, रिमचं भोक हबवरून मोकळं जाणारं, वळवून घासत नाही एवढं तपासलेलं. माझ्या मिस्त्रीने कामठी रोडवर एक जीप अशी लावून दिली आहे. चालते. मालकाने डॅशबोर्डवर खडूने लिहून ठेवलंय: ६० म्हणजे ५५.