चूक कुठे? ओळ १!

दुकानांची यादी असलेली जेसन फाईल (प्रोग्रॅमनी एकमेकांना माहिती द्यायचा, कंस-अवतरणांनी भरलेला मजकूर) आमचा प्रोग्रॅम गिळेना. निरोप आला: 'चूक आहे. ओळ १, कॉलम अठरा लाख अमुक.' पत्ता बरोबरच होता म्हणा. अख्खी फाईल एकाच ओळीची, चूक जाणार कुठे?

पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅमला एंटर नावाची कळ माहीत नव्हती आणि देवनागरीचं वावडं होतं. प्रत्येक चिन्हाच्या जागी एक बॅकस्लॅश, एक यू आणि चार आकडे-अक्षरं, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणाऱ्या युनिकोडमधला त्याचा नंबर. 'कोल्हापूर'मध्ये युनिकोडची चिन्हं नऊ, म्हणजे नुसत्या गावाचे झाले ५४ कॅरॅक्टर. त्यात 'छत्रपती शिवाजी महाराज चौकाजवळ' असे पत्ते. ओळ लांबणार नाही तर काय!

मी ईमॅक्स या जुन्या टेक्स्ट एडिटरवाला, तोही जुन्या आवृत्तीचा. फाईल उघडली, कंट्रोल-ई दाबून ओळीच्या शेवटाकडे निघालो आणि कर्सर जागीच थिजला. पंखा मात्र घूं करू लागला. 'थांब बाबा' म्हणायचं कंट्रोल-जी, कंट्रोल-जी... ऐकतो कोण? आमचे एक काका किस्सा सांगताना मध्ये कोणी 'हो का?' म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, तसं याचं. पडद्यावर ओळ कुठे दुमडायची हे ठरवायला तो मूळ ओळीच्या सुरुवातीपासून मोजत येतो. कर्सर एक घर हलवा, चला, पुन्हा मोजा. वर २४व्या आवृत्तीपासून अरबी-हिब्रू उजवीकडून डावीकडे दाखवायची सोय झाली, त्यापायी पुढे प्रत्येक कंसाचा जोडीदारही शोधणं आलं. जेसनमध्ये कंस सोडून असतं काय?

"अजून ईमॅक्स?" शेजारच्या टेबलावरून आवाज आला. बाईंनी तीच फाईल व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये चुटकीसरशी उघडली. मी मान खाली घालणार, तेवढ्यात दिसलं की दहा हजार कॅरॅक्टरनंतर ओळ दाखवणंच बंद. अठरा लाखावरची चूक तिथून कशी दिसणार? "सेटिंग बदलता येतं," त्या म्हणाल्या. ईमॅक्सवाल्याला हे सांगावं? आमचं आयुष्यच सेटिंग बदलण्यात चाललंय.

शेवटी नाइलाजाने ईमॅक्सची २०२३मध्ये आलेली २९वी आवृत्ती टाकली. तिने मोठा शहाणपणा केलाय: ओळ ५०,००० कॅरॅक्टरच्या वर गेली की सगळी ओळ बघायचीच नाही, कर्सरच्या आजूबाजूचा तुकडा तेवढा बघायचा. कर्सर पळाला! अवतरणातला मजकूर वेगळ्या रंगात दाखवतो, त्या रंगांचा मात्र अधूनमधून गोंधळ. मधूनच वाचायला घेतल्यावर आपण अवतरणचिन्हाच्या आत आहोत की बाहेर, हे त्याला तरी कसं कळावं? आपल्याला चालतं. चूक सापडली. एका पत्त्यानंतर स्वल्पविराम राहिला होता.

पाठवणाऱ्या पोराला फोन केला. "बाबा रे, जरा माणसाला वाचता येईल अशी पाठव की."

"पाठवतो ना सर, एक्सेलमध्ये टाकतो."

टाकली. एक्सेलच्या एका सेलमध्ये ३२,७६७ कॅरॅक्टर मावतात. पठ्ठ्याने तेवढे पहिल्या सेलमध्ये कोंबले, उरलेले शेजारच्या, त्यातून उरलेले त्याच्या शेजारच्या... झेड कॉलम ओलांडून एए, एबी करत उजवीकडे.