फुलं कुठायत?

गणपती गावाला जातात आणि त्याच पाटावर पाहुणे येऊन बसतात. एरवी वर्षभर ज्यांना सातारा म्हणजे कंदी पेढे एवढंच ठाऊक असतं, त्यांना सप्टेंबरात आपलं घर, घरासमोरची गाडी लावायची जागा आणि आपलं रिकामपण, सगळं एकदम आठवतं. कारण एकच, कासचं फुलांचं पठार.

आम्ही सातारकर जन्मजात बिनपगारी गाईड. काम तसं सोपं. यवतेश्वरचा घाट चढायचा, पंचवीसेक किलोमीटर जायचं, फुलं दाखवायची, उतरायचं. पण पहिल्याच फोनला माशी शिंकते. "शनिवारी येतोय हं!" सड्यावर (पठाराला इकडं सडा म्हणतात) दिवसाला 3000 माणसांचीच मर्यादा, तीही आगाऊ ऑनलाइन नोंदणी करून. शनिवार-रविवार कधीच भरलेला असतो. "आत्या, बुधवारी या," म्हटलं की आत्या म्हणणार, "अरे, तुझ्या आतोबांना रजा कुठाय?" आतोबा निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली असतात.

बरं, सातला घर सोडायचं ठरतं. पोहे, दुसरा चहा आणि चार्जर शोधणं उरकून निघेपर्यंत साडेनऊ. गाडी खाली वाहनतळावर लावून बसनं वर जायचं, हे ऐकून आतोबा नाराज. शहर साधारण 700 मीटरवर, सडा 1200 मीटरच्या आसपास, म्हणजे खाली घाम आणि वर हुडहुडी. छत्री आणू नका म्हणून बजावलं तरी आणतातच. सड्यावरचा वारा ती पहिल्या मिनिटाला उलटी करतो आणि पुढं दिवसभर तो सांगाडा गाईडनं वागवायचा. पायात गुळगुळीत तळाच्या चपला. ओल्या कातळावर शेवाळ असतं, त्यावर अशी चप्पल पडली की माणूस बसतोच, आणि बसतो तो नेमका गेंदाच्या फुलांवर.

मग तो प्रश्न येतो. "फुलं कुठायत?"

फुलं पायाशी असतात. पाहुण्यांनी मोबाइलवर पाहिलेला फोटो जमिनीला पोट लावून काढलेला असतो, तिथं करंगळीच्या नखाएवढं फूल ताटाएवढं दिसतं. सीतेची आसवं नावाचं फूल खरं तर सेंटिमीटरभर. गेंद म्हणजे काडीवर टोचलेलं पांढरं बटण. त्याला कारण जमीन. खाली सगळा जांभा, वर मातीचा पापुद्रा, त्यातलं सत्त्व पावसानं धुऊन नेलेलं. तीन-चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. एवढ्या घाईत मोठं व्हायला सवड कुणाला? दवबिंदू नावाची वनस्पती तर पोटासाठी शिकारच करते. पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, त्यावर चिलट बसलं की खलास. सीतेची आसवंही मातीखाली बारीक पिशव्या लावून किडे पकडतात. हे सांगितलं की आत्या दोन पावलं मागं सरकते. नाव सीतेचं, आणि धंदा हा!

दर दहा-पंधरा दिवसांनी रंग पालटतो. गेंदाचा पांढरा, तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा. पाहुणे कुठल्याही दिवशी आले तरी त्यांना हवा असलेला रंग एक तर गेलेला असतो किंवा यायचा असतो. टोपली कारवीचं तर नावच काढू नये. ती सात वर्षांनी एकदा दणकून फुलते. "मग आधी नाही का सांगायचंस?" हा ठपका आपल्यावर.

फुलं संपली की दुसरी फर्माईश, "इथले आदिवासी बघायचेत, त्यांचा नाच वगैरे." इथं कडेच्या डोंगरांत गवळी धनगरांच्या वस्त्या आहेत. त्यांच्या म्हशी, दूध, तूप. जिल्ह्यात कातकरीही आहेत. ज्याचे व्हिडिओ पाहून आलात ते गजीनृत्य मेंढरंवाल्या धनगरांचं, खाली पूर्वेला दुष्काळी माणदेशातलं. आणि तसंही, दुपारी बाराला तुमच्या दारात चार अनोळखी माणसं येऊन नाच म्हणाली तर तुम्ही नाचाल का, आतोबा? आतोबा विचारात पडतात. म्हशीच्या शेणाला मात्र नाकं मुरडली जातात. गावकरी सांगतात, चराई थांबली की गवत माजतं आणि फुलं दबतात. म्हणजे बागेची खरी माळीण ती म्हैसच.

जेवायला पिठलं आणि नाचणीची भाकरी. "शेतातली ताजी ना?" शेतात नाचणी अजून हिरवी उभी असते, कापणी दिवाळीच्या सुमाराला. ताटात येते ती गेल्या सालची. हे पीठ गार पाण्यात मळलं तर थापताना चिरतं, म्हणून उकळत्या पाण्यात उकड काढून, हाताला सोसेल तेवढं गरम असतानाच मळतात. हे सगळं ऐकून आत्या म्हणते, "तांदळाची नाही का मिळणार?"

मग वासोटा किल्ल्याची टूम निघते. पावसाळ्यात तो बंद. बामणोलीला कोयना धरणाचं पाणी बघून या म्हटलं तर एव्हाना धुकं उतरलेलं असतं आणि पाण्याच्या जागी पांढरी चादर.

परतताना यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग अडकते. अर्धा तास चाक हलत नाही. कंटाळून आत्या खाली उतरते. बांधाला गटाराकडेनं तेरडा कमरेएवढा माजलेला, गुलाबीच गुलाबी. ना तिकीट, ना कुंपण, ना शिट्टी. आतोबा त्यात उभे राहून फोटो काढून घेतात. संध्याकाळी घराण्याच्या ग्रुपवर सगळ्यात आधी तोच फोटो पडतो, खाली ओळ: "कास पठार, जागतिक वारसा."