गाडी सगळे भूसुरुंग शोधते? मामा, नाही शोधत

लालबागच्या मामांचा काल सकाळी फोन आला. आवाज एकदम हलका. त्यांचा मुलगा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर तुकडीत, सध्या सीमेवर. "वाचलंस ना? आता गाडीच सुरुंग शोधणार, आमच्या पोराला खाली उतरायची गरज नाही." त्यांना आलेला मेसेज असा: नवी रडारगाडी प्रत्येक सुरुंग ओळखते, आणि जुने सुरुंग दहा वर्षांत आपोआप मरतात. मला संतापच आला. ज्याचा मुलगा तिथे आहे, त्याला असा खोटा दिलासा द्यायचा?

"नवी" म्हणाल तर 1970च्या दशकात ऱ्होडेशियात (आजचं झिम्बाब्वे) 'पूकी' नावाची सुरुंग शोधणारी गाडी होतीच. रुंद टायरांमुळे तिचा भार पसरायचा आणि रणगाडाविरोधी सुरुंगावरूनही ती सुखरूप जायची. आजची 'हस्की' ही सुरुंगशोधक गाडी त्याच तत्त्वावर चालते, शिवाय तिला जमिनीत पाहणारं रडार असतं. रस्त्यावर ही गाडी खरंच जीव वाचवते, एवढं मान्य.

पण "प्रत्येक सुरुंग"? एम-14 हा माणसाच्या पायाखाली फुटणारा सुरुंग घ्या. बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढा, 100 ग्रॅमच्या आसपास वजन, अंग प्लॅस्टिकचं, धातू नावापुरता. ओल्या चिकणमातीत रडारच्या लहरी विरतात; दगड, मुळं, गंजके खिळेसुद्धा इशारा देतात. मग प्रत्येक इशाऱ्यापाशी कुणीतरी पोटावर झोपून, सळई तिरकी धरून, बोट-बोट माती उकरतोच. डोंगरउतारावर आणि झुडपांत तर गाडी जातच नाही. आंतरराष्ट्रीय भूसुरुंग कृती मानकांप्रमाणे, ठरवलेल्या खोलीपर्यंतचं प्रत्येक स्फोटक निघाल्याशिवाय जमीन मोकळी म्हणता येत नाही. "बहुतेक निघाले" हे तिथे चालत नाही.

सर्वांत घातक वाक्य दहा वर्षांचं. ठरावीक काळानंतर निकामी होणारे, बॅटरीवरचे सुरुंग असतात, हे खरं. पण दाबावर फुटणाऱ्या साध्या सुरुंगाला बॅटरीच नसते. इजिप्तमधली अल-अलामीनची लढाई 1942ची, दुसऱ्या महायुद्धातली. तिथल्या वाळवंटात पेरलेल्या सुरुंगांनी पुढे कित्येक दशकं माणसं मारली. कंबोडियात युद्ध संपून पंचवीसहून अधिक वर्षं झाली तरी शेतकऱ्यांचे पाय जातात. "जुना आहे" म्हणून कुणी उचलून पाहिला तर?

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी चाळीच्या ग्रुपवरही टाकलाय रे." म्हणून हे लिहिलं. त्या ग्रुपवर आता हेच टाका.