पडताळा बरोबर येतो

बिलबुकात दराचा रकाना छापलेलाच असतो. नग, दर, रक्कम. कंत्राटदारांनी परवा माझ्या हातात जी तीन बिलं ठेवली त्यांतही तो होता. फक्त त्यात वरपासून खालपर्यंत पेनाने एक नागमोडी रेघ ओढलेली होती, आणि कार्बन कॉपीवर तीच रेघ निळी होऊन जरा सरकलेली. नग लिहिलेत, तळाशी एकूण रक्कम लिहिलीय, मधे नुसती वळवळ.

"टाइलचं खोकं केवढ्याला पडलं?" मी विचारलं.

"मॅडम, तसं सुटं धरलेलं नसतं. एकत्रच आहे सगळं."

"आणि सिमेंटचं पोतं?"

"तेही त्यातच आलं."

भिंती माझ्या, पैसे माझे, आणि दर तेवढा यांचा खाजगी!

रकमा खऱ्या सांगितल्या तर नातेवाईक सहा महिने तोच विषय काढतील, म्हणून शेवटची शून्यं उडवून सांगते. छोट्या बाथरूमला ६ खोकी टाइल आणि ४ पोती सिमेंट, बिल ५०. मोठ्या बाथरूमला ९ खोकी आणि ६ पोती, बिल ८१. अज्ञात दोन, बिलं दोन. दहावीला बसलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. आमच्या घरात तर दहावीला बसणारी भाची आयतीच होती. वही-पेन्सिल घेऊन ती बाहेर आली. कंत्राटदार उलट्या बादलीवर बसले होते ते बसूनच राहिले. त्यांना वाटलं असावं, चेक लिहायला बोलावलंय.

"समजा," भाची म्हणाली.

"काय समजायचं?"

"काका, 'समजा' लिहावंच लागतं, नाहीतर अर्धा गुण जातो. समजा, टाइलच्या एका खोक्याची किंमत क्ष."

"क्ष जरा जास्त धर बाळा. माल चांगल्या कंपनीचा आहे."

"आणि सिमेंटच्या एका पोत्याची किंमत य."

"य चालेल," कंत्राटदारांनी उदारपणे मान्यता दिली.

तिने ६क्ष + ४य = ५० लिहिलं, दोनने भागलं, ३क्ष + २य = २५. मग ९क्ष + ६य = ८१, तीनने भागलं, ३क्ष + २य = २७. इथे तिचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, दर सापडला. "आत्या, हे भारी आहे! याला उकलच नाही! थांब, आलेख काढते." उकल नाही याचा असा आनंद फक्त ज्याला बिल भरायचं नाही त्यालाच होऊ शकतो.

आलेखावर दोन तिरक्या रेषा आल्या, एकमेकींना समांतर, अगदी जवळजवळ. कंत्राटदारांनी बादली पुढे ओढली, वही हातात घेतली आणि या सगळ्या प्रकारात पहिल्यांदाच मन लावून काहीतरी पाहिलं.

"ह्या गरम-गार पाण्याच्या लाइनी ना?"

"नाही काका, ही तुमची बिलं आहेत."

"ते असू दे. पण गरम लाइन गारच्या एवढी जवळ नेऊ नये. उन्हाळ्यात गार नळाला कोमट पाणी येईल. आणि तिरकी कुणी सांगितली? उतार देतात तो सांडपाण्याला, नळाच्या लाइनीला नाही." खिशातून पेन्सिल काढून त्यांनी दोन्ही रेषा सरळ करून दिल्या. मधे टिचभर अंतर सोडलं, आणि टोकाला दोन नळसुद्धा काढले. भाचीने खोडरबर शोधलं, तर ते म्हणाले, "राहू दे, साइटवर कामाला येईल."

मी निश्चयकावर आले. क्रेमर नावाच्या स्विस गणितज्ञाने १७५० साली छापलेली पद्धत, आम्ही पाठ केलेली. निश्चयक, म्हणजे क्ष-यच्या गुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी, काढायचा आणि त्याने भागायचं. ६ गुणिले ६ वजा ४ गुणिले ९, म्हणजे शून्य. आता शून्याने भागा! दुसऱ्या बिलातला माल पहिल्याच्या बरोबर दीडपट होता, तेव्हा बिलही ७५ व्हायला हवं होतं. समजा झालं असतं, तरी काय? मग दोन्ही रेषा एकीवर एक बसल्या असत्या आणि उकली अनंत. म्हणजे दोन्ही बिलं खरी असती तरीही मला दर कळला नसता. ही गोष्ट मला ८१ पेक्षा जास्त झोंबली.

"वरचे ६ कशाचे?" मी विचारलं.

"वाहतूक."

"मग पहिल्या बिलात का नाही?"

"तेव्हा टेम्पो दुसऱ्यांच्या मालाबरोबर आला होता."

भाचीने मुकाट्याने लिहिलं : समजा, वाहतूक झ.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात हुबेहूब हाच प्रश्न आहे. ९ महाळुंगं आणि ७ कवठं यांची किंमत १०७, ७ महाळुंगं आणि ९ कवठं यांची १०१, तर एकेकाची किती? दोन्ही मिळवा, १६-१६ फळांचे २०८, म्हणजे एक-एकाची जोडी १३. वजा करा, दोघांच्या किमतीत फरक ३. महाळुंग ८, कवठ ५. कागदही लागत नाही. पण त्यासाठी फळवाला कसला हवा, तर दोन्ही वेळा तोच भाव लावणारा, कवठांची वाहतूक न धरणारा. शिवाय दुसऱ्या खेपेला पहिल्याची दीडपट नेणारं गिऱ्हाईक नको, आकडे उलटे करून नेणारं हवं. शाळेच्या पुस्तकांतही सगळे असेच भेटतात. कुणी पाच पेनं आणि तीन वह्या घेतो, एकूण पैसे देतो आणि भाव न विचारता घरी जाऊन समीकरण मांडतो. मला तो मुलगा लहानपणी बावळट वाटायचा. आता वाटतं, त्याने विचारलं असणार. दुकानदार म्हणाला असणार, एकत्रच आहे सगळं.

तर तिसरं बिल, गॅलरीचं. २ खोकी, ३ पोती, रक्कम ४०. "यात वाहतूक आहे?" "छे छे, उरलेल्या मालातलंच आहे." छान. पहिलं आणि तिसरं घेतलं. या वेळी निश्चयक १०, शून्य नाही, रेषा सुखाने छेदल्या. सिमेंटचं पोतं १४. टाइलचं खोकं उणे १.

"पडताळा बरोबर येतो," भाची म्हणाली. "उणे ६ अधिक ५६, पन्नास. उणे २ अधिक ४२, चाळीस. पूर्ण गुण."

"म्हणजे काय निघालं?" कंत्राटदार.

"म्हणजे तुम्ही खोकं उचललंत की दुकानदार वर तुम्हालाच १ देतो."

त्यांनी क्षणभर विचार केला. "तसा दुकानदार मिळाला तर मलाही सांगा." आणि मग, जाता जाता सांगावं तसं : "गॅलरीच्या बिलात थोडी मजुरी आहे."

समजा, मजुरी. हा चौथा अज्ञात.

विनोद जाऊ दे, पण यात एक शिस्त आहे. जितके अज्ञात तितकी स्वतंत्र समीकरणं लागतात. मी एक बिल पुढे केलं की हे एक अज्ञात बाहेर काढतात : वाहतूक, मजुरी, मग तूटफूट. मी जन्मभर एकाने मागे. बाजारात जाऊन भाव विचारा म्हणणाऱ्यांनाही सांगते, तिथे कळतो तो दुकानाचा दर, मला लावलेला नाही. एक रकाना भरायला अर्धं मिनिट लागतं. ती नागमोडी रेघ ओढायलाही तितकंच लागत असेल. मग मी संध्याकाळ घालवून, दहावीच्या मुलीचा अभ्यास मोडून, स्वतःच्याच पैशाचा शोध का घ्यायचा? "विश्वास नाही का मॅडम?" हे वर ऐकायचं. विश्वास ठेवायला आधी आकडा तरी हवा ना.

पैसे दिले. देणार नाही तर काय, कमोड अजून बसवायचा होता.

निघताना कंत्राटदार भाचीपाशी थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाळा, हे मलाही करून देशील? माझा मालवाला बिलावर दर लिहीतच नाही. विचारलं की म्हणतो, एकत्र आहे."

"देईन की. वस्तू किती आहेत?"

"चौदा."

"आणि बिलं?"

"दोन."

"काका," ती वही मिटत म्हणाली, "आणखी बारा आणा."