जेंटूच्या ईबिल्डमधील क्रॉस-कंपायलेशनच्या तपासणीबाबत खुलासा

‘ईबिल्डमध्ये रूट हे व्हेरिएबल रिकामे नसेल, तर क्रॉस-कंपायलेशन चालू आहे असे समजावे’ असा संदेश जेंटू ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांमध्ये फिरत आहे (ईबिल्ड म्हणजे पॅकेज कसे बांधायचे व बसवायचे हे सांगणारी स्क्रिप्ट; क्रॉस-कंपायलेशन म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर दुसऱ्या प्रकारच्या संगणकासाठी प्रोग्राम बांधणे). तो बरोबर नाही. तयार पॅकेज कोणत्या डिरेक्टरीखाली बसवायचे एवढेच रूट सांगते. त्यामुळे त्याच संगणकावर, त्याच प्रोसेसरसाठी, दुसऱ्या डिस्कवर प्रणाली बसवतानाही ते भरलेले असते आणि या अटीवर विसंबलेला ईबिल्ड त्यालाच क्रॉस-कंपायलेशन समजून, तेथे चालू शकणाऱ्या चाचण्याही विनाकारण वगळतो.

खरी तुलना सीबिल्ड आणि सीहोस्ट या व्हेरिएबलांची करायची असते: बांधणी कोणत्या प्रकारच्या संगणकावर होते हे पहिले सांगते, तर तयार प्रोग्राम कोणत्या प्रकारच्या संगणकावर चालणार हे दुसरे. टूलचेन-फंक्स या ईक्लासमधील (म्हणजे अनेक ईबिल्डनी सामाईक वापरायच्या कोडच्या फाइलमधील) टीसी-इज-क्रॉस-कंपायलर हे फंक्शन नेमके हेच पाहते आणि सीबिल्ड दिलेले नसल्यास त्याच्या जागी सीहोस्टच धरते. त्याचा कोड इतका छोटा आहे की कोणालाही उघडून पडताळता येईल.

तरी मूळ संदेश पुढे पाठवणे कृपया थांबवावे आणि ज्यांनी तो आधीच पाठवला असेल त्यांनी हा खुलासा त्याच गटांत टाकावा.